फ्रेंच प्रशिक्षक, फ्रांकेनचा संघ आणि मधली मी

सुटणारी बस पकडण्यासाठीसुद्धा जी बाई कधी धावली नाही, पुढच्या बसची वाट पाहत शांतपणे थांबली, तिने रग्बीविषयी लेख लिहावा हे धार्ष्ट्य आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. संपादकांनी दिवाळी अंकासाठी 'तुमच्या कामाविषयी लिहा' असे कळवले, तेव्हा मी दोनदा नम्रपणे नकार दिला. तिसऱ्यांदा नकार द्यायलाही एक प्रकारचा आत्मविश्वास लागतो. तो माझ्यापाशी नव्हता. ज्यांना रग्बी खरोखर समजते त्यांनी माझ्या चुका पोटात घालाव्यात. ज्यांना ती अजिबात समजत नाही त्यांनी निर्धास्त असावे, कारण मीही त्यांच्यातलीच आहे.

मी दुभाषी होते. फ्रेंचमधून जर्मनमध्ये आणि जर्मनमधून फ्रेंचमध्ये. पुण्यात फ्रेंच घेऊन एम. ए. केले, सतराव्या शतकातल्या शोकांतिका मन लावून वाचल्या, थोडे दिवस शिकवले आणि लग्न होऊन एर्लांगेनला आले. हे तिथल्या वीजयंत्रांच्या मोठ्या कंपनीत इंजिनिअर. पुढची बरीच वर्षे संसार, मुलगी आणि संध्याकाळचे जर्मनचे वर्ग यांत गेली. मुलगी मोठी झाली, माझ्या मराठी प्रश्नांना जर्मनमध्ये उत्तरे देऊ लागली, आणि एके दिवशी माझ्या लक्षात आले की घरातल्या घरात मी दिवसभर भाषांतरच करत आहे. माझ्या वयाच्या मैत्रिणी निवृत्तीनंतर कुठे राहायचे याची चर्चा करत होत्या, तेव्हा मी परीक्षा दिली, न्यायालयात शपथ घेतली आणि अधिकृत दुभाषी झाले. तोपर्यंत नव्या शतकाची पहिली काही वर्षे सरून गेली होती.

सुरुवातीची कामे माझ्या प्रकृतीला मानवणारी होती. एका फ्रेंच आजींची कवळी, एका विधुराचे जर्मन बाईशी लग्न, वाइनच्या बाटल्यांचे एक फुटलेले खोके. मग एका सकाळी हेर, म्हणजे श्रीयुत, लांग यांचा फोन आला. एर्लांगेनपासून जवळच्या एका छोट्या गावातल्या रग्बी क्लबचे हे अध्यक्ष, व्यवसायाने खाटीक. त्यांच्या दुकानातले सॉसेज पंचक्रोशीत प्रसिद्ध होते, आणि बोलणे तेवढेच अल्प होते.

"फ्राऊ पेंड्झे? फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातून खेळलेला माणूस आमचा प्रशिक्षक म्हणून येतोय. त्याला जर्मन येत नाही. आम्हाला फ्रेंच येत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि शनिवारी. जमेल?"

"हो," मी म्हणाले.

"रग्बी माहीत आहे ना?"

"गेनाऊ," मी म्हणाले. जर्मनीत राहून हा 'अगदी बरोबर' अर्थाचा शब्द जिभेला असा चिकटतो की प्रश्न कळण्याआधीच तो बाहेर पडतो. प्रश्न कळला तेव्हा फोन बंद झाला होता.

माझ्या कल्पनेप्रमाणे काम म्हणजे एक बैठक, एक लांब टेबल आणि पाण्याच्या बाटल्या. म्हणून पहिल्या दिवशी मी नारायणपेठी नेसून गेले. बैठक अग्निशमन केंद्रामागच्या मैदानात होती आणि मैदानात चिखल होता. हेर लांग यांनी माझ्या चपलांकडे पाहिले, काही न बोलता गाडीकडे गेले आणि दुकानात वापरायचे पांढरे रबरी बूट घेऊन आले. नारायणपेठीखाली खाटकाचे पांढरे बूट, अशा वेशात मी गास्तोंसमोर उभी राहिले.

गास्तों म्हणजे आमचा प्रशिक्षक. आडवा, जाडजूड, मान जवळजवळ नाहीच. तरुणपणी तो आघाडीच्या फळीत खेळायचा, म्हणजे जिथे माणसे एकमेकांत डोकी खुपसून ढकलाढकली करतात तिथे. त्यामुळे त्याच्या दोन्ही कानांची पार कांदाभजी झाली होती. फ्रान्सची निळी जर्सी घालून तो देशोदेशी खेळला होता. असा माणूस आमच्या गावात कसा आला? तर गावाचे फ्रान्समधल्या एका गावाशी जुळ्या गावांचे नाते होते. एरवी त्या नात्यातून दर वर्षी चीज, वाद्यवृंद आणि महापौर येत. त्या वर्षी गास्तों आला.

"इंग्रजी येतं का थोडंफार?" मी त्याला आडून विचारले. मैदानावरच्या मुलांना इंग्रजी येत होते. माझी सुटका झाली असती.

"मादाम, इंग्रजी ही रेफरीची भाषा," तो म्हणाला. "आणि रेफरीवर माझा कधीच विश्वास नव्हता."

इथे माझ्या व्यवसायाचे दोन नियम सांगणे भाग आहे. पहिला: जे बोलले जाते तेवढेच सांगायचे. अधिक नाही, उणे नाही, आपले मत तर नाहीच. दुसरा: बोलणारा 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचे. 'ते असे म्हणतात की' असली शेपटी लावायची नाही. माझ्यासारखीला हा नियम फार सोयीचा होता. आयुष्यभर मला स्वतःचा 'मी' चारचौघांत उच्चारताना घाम फुटत असे. दुसऱ्याचा 'मी' मात्र मी खणखणीत उच्चारू शकत होते.

तर पहिल्या संध्याकाळी गास्तों संघापुढे छाती काढून बोलला आणि मी, पाच फुटांची, त्याच्या अर्धे पाऊल मागे उभी राहून, जर्मनमध्ये म्हणाले: "मी फ्रान्सकडून खेळलेय. माझं नाक चार वेळा मोडलंय. न्यूझीलंडच्या एका माणसाने माझा कान चावला होता आणि मी त्याचा. मला कोणी घाबरवू शकत नाही."

तिशीपस्तिशीतली ती धिप्पाड माणसे माझ्या नाकाकडे निरखून पाहू लागली. संघाचा कप्तान होल्गर, दिवसा गावात टपाल वाटणारा, त्याने हात वर केला.

"फ्राऊ पेंड्झे, डावा कान की उजवा?"

हसू उसळले. मी प्रश्न इमानाने फ्रेंचमध्ये सांगितला. गास्तोंला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. "डावा," तो म्हणाला.

"डावा," मी म्हणाले.

घरी आल्यावर यांना खेळ समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली. न सोललेल्या नारळासारखा चेंडू, प्रत्येक बाजूला पंधरा माणसे, आणि तो घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरायचे. मात्र हाताने चेंडू द्यायचा तो फक्त मागच्या माणसाला.

"म्हणजे जायचं पुढे आणि द्यायचं मागे?" हे म्हणाले.

"हो ना."

"मग यात नवीन काय? आमच्या कंपनीतलं प्रत्येक प्रोजेक्ट असंच चालतं."

खेळात अधूनमधून स्क्रम नावाचा प्रकार होतो. दोन्ही बाजूंची आठ-आठ माणसे वाकून, एकमेकांच्या खांद्यांत डोकी अडकवून ढकलतात. ही गास्तोंची खासियत. त्याची शिकवण इथेच ओसंडून वाहायची. पण अडचण अशी की स्क्रममधल्या माणसांची डोकी खाली असतात आणि वरून बोललेले त्यांना ऐकू जात नाही. म्हणून गास्तों वरून गर्जना करायचा, आणि मी छत्री सावरत, पांढऱ्या बुटांवर वाकून, त्या माणसांच्या ढिगाऱ्यात तोंड घालून सांगायची: "होल्गर, माझ्या आजीनेसुद्धा याहून जोरात ढकललं असतं. आणि माझी आजी वारली आहे."

आतून दबलेला आवाज यायचा, "आजी कुठल्या क्लबकडून खेळायच्या, फ्राऊ पेंड्झे?"

शिव्यांचा प्रश्न वेगळाच होता. गास्तोंच्या बोलण्यात दर चौथा शब्द शिवी असे, आणि सतराव्या शतकातल्या शोकांतिकांत त्यांपैकी एकही नव्हती. नियमाप्रमाणे त्या गाळता येत नव्हत्या आणि अर्थ कळल्याशिवाय सांगताही येत नव्हत्या. म्हणून सरावानंतर मी त्याला बाजूला घेऊन विचारायची, "म्यूसिये, आपण होल्गरला जे संबोधलं, त्याचा नेमका अर्थ काय?" तो अवाढव्य माणूस कानांच्या भज्यांपर्यंत लाल व्हायचा, इकडेतिकडे बघायचा आणि हातवारे करत सांगायचा. मग मी लाल व्हायची. पुढच्या सरावाला योग्य जर्मन शब्द शोधून, शुद्ध उच्चारात, माझ्या नेहमीच्या खालच्या आवाजात तो मी होल्गरला ऐकवायची. खेळाडूंनी मला नंतर सांगितले की गास्तोंच्या गर्जनेने ते हलत नसत. पण माझ्या तोंडून तेच शब्द आले की अंगावर काटा यायचा.

या कामाचा आणखी एक नेहमीचा घोळ असतो. लोक दुभाष्याच्या तोंडाकडे बघून बोलतात. ज्याला सांगायचे तो माणूस शेजारी उभा असला तरी त्याच्याकडे बघत नाहीत. 'फ्राऊ पेंड्झे, माझा गुडघा दुखतोय,' असे खेळाडू मला सांगायचे. मी मान डोलावून ते गास्तोंला सांगायची, गास्तों गुडघा दाबायचा आणि खेळाडू किंचाळून पुन्हा माझ्याकडेच बघायचा. जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला त्या उन्हाळ्यापर्यंत मला याची इतकी सवय झाली होती की मी त्या नजरांना स्वतःसाठी समजतच नव्हते.

हळूहळू मी रुळले. शनिवारी सामन्याला जाताना मोठ्या डब्यातून पोह्यांचा चिवडा नेऊ लागले, कारण सामन्यानंतर तिथे नुसते सॉसेज मिळायचे. माझ्यापुरता म्हणून नेलेला डबा पहिल्याच शनिवारी होल्गरच्या हातात गेला आणि रिकामा परत आला. त्यावर कोणी काही बोलले नाही. पुढच्या शनिवारी मी दुप्पट नेला, तोही संपला.

कोणी काही बोलले नाही, हेच पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ. फ्रांकेनच्या, म्हणजे आमच्या एर्लांगेनच्या भागातल्या, माणसाला मी आता बऱ्यापैकी ओळखते. त्याला एखादी गोष्ट आवडली नाही तर तो लगेच, सविस्तर सांगतो. आवडली तर गप्प बसतो. अगदीच भरून आले तर 'पास्ट शो' म्हणतो, म्हणजे 'चालेल'. यापलीकडची स्तुती त्यांच्याकडे नाही. मला हे परके वाटले नाही. एम. ए.ला मी पहिल्या वर्गात आले तेव्हा माझ्या वडिलांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढून 'बरं' म्हटले होते, आणि आम्ही बहिणी त्या 'बरं'विषयी आठवडाभर बोलत होतो.

गास्तोंचे गाव मात्र फ्रान्सच्या नैर्ऋत्येला. तिथे, तो सांगायचा, रविवारी सामना झाला की मंगळवारपर्यंत त्याला रस्त्यावरून सरळ चालता येत नसे. पाववाला थांबवून मिठी मारायचा, पाद्री थांबवून चुका सांगायचा, शाळेतल्या बाई थांबवून रडायच्या. खेळणे सोडल्यावर त्याने फ्रान्समध्ये तीन संघ सांभाळले आणि तिन्हींनी त्याला काढले. एकाने फोनवर, दुसऱ्याने वर्तमानपत्रातून. तिसऱ्या ठिकाणी तो सकाळी मैदानावर गेला तर दुसराच कोणी त्याची शिट्टी वाजवत होता.

"आणि प्रत्येक वेळी, मादाम, आधी काय झालं माहीत आहे?" एकदा आमच्याकडे जेवायला आला असता तो म्हणाला. "आधी लोक माझ्याशी बोलायचे थांबले."

मी हे यांच्यासाठी मराठीत सांगितले. हे आमटी वाढता वाढता थांबले. "अगं, मग इथे तर कुणी बोलायला सुरुवातच केली नाहीये!"

हे मी गास्तोंला सांगितले नाही. हे बोलले होते मला; त्याला नव्हे.

गास्तोंचा दुसरा हंगाम शेवटच्या सामन्यापर्यंत लोंबकळत गेला. आमचा संघ गुणतक्त्यात तळाशी होता आणि खालच्या साखळीत घसरण्याची वेळ आली होती. शेवटचा सामना आम्ही हरलो, पण थोडक्यात हरलो, आणि त्याच दुपारी दुसरा एक संघ आमच्याहून वाईट हरला, म्हणून आम्ही वाचलो. क्लबच्या इतिहासात इतका आनंदाचा पराभव झाला नव्हता. सगळे क्लबघरात जमले, बिअर आली आणि शांतता पसरली. माणसे ग्लासांत बघत बसली. होल्गरने टेबलाकडे बघत म्हटले, "पास्ट शो." दोघातिघांनी मान हलवली.

"काय म्हणाला?" गास्तोंने विचारले.

"चालेल, असं म्हणाला," मी सांगितले. शब्द तेवढाच होता.

गास्तोंने ग्लास खाली ठेवला. मी त्याला स्टेशनवर सोडायला नेत असताना तो गाडीत म्हणाला, "गुरुवारी क्लबची वार्षिक सभा आहे. तिथे ते मला काढणार. या वेळी मी त्यांना ती संधी देणार नाही. आधी मीच सांगणार की मी जातो. आयुष्यात एकदा तरी मला स्वतःच्या पायांनी बाहेर पडायचं आहे."

त्याचे जाणे म्हणजे माझेही काम संपणार हे होतेच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की तो एका संपूर्ण गावाच्या समाधानाला तिरस्कार समजून निघून जाणार होता, आणि हे कळत होते फक्त मला. मी घसा खाकरला. "म्यूसिये," मी म्हणाले.

"काय, मादाम?"

"आज वारा फार होता," मी म्हणाले.

घरी हे माझ्यावर वैतागले. "अगं, सांगून टाक ना सरळ! ही माणसं अशीच असतात, खूश आहेत तुझ्यावर, म्हणावं. दोन वाक्यं!"

"अहो, ते कुणी बोललंच नाही. जे बोललं नाही ते मी कसं सांगू?"

"जा, जा. मग तुझं काम काय, पोपटाचं?"

"पोपट अर्ध्यात स्वतःचं काहीतरी बोलतो," मी म्हणाले. "मला तेवढंही चालत नाही."

हे मी अभिमानाने म्हणाले, असे यांचे म्हणणे आहे. मला ते आठवत नाही.

सभा गावातल्या खानावळीच्या मागच्या दालनात होती. जर्मन क्लबची सभा म्हणजे विषयपत्रिका. त्यात नाही ते जगात नाही. पंधरा-वीस टेबले, पुढे एक ध्वनिक्षेपक. ज्याला बोलायचे त्याने तिथे जाऊन, उभे राहून बोलायचे असा दंडक. आम्ही दोघे अगदी मागे, खांबाच्या आडच्या टेबलाशी बसलो होतो, कारण गास्तोंला सुजलेला गुडघा लांब करून ठेवायला तिथेच जागा होती.

विषय एक ते सहा पार पडले. "विषय सातवा," हेर लांग म्हणाले. "प्रशिक्षक. पास्ट शो. विषय आठवा..."

मी ते गास्तोंच्या कानात सांगितले. त्याने हात वर केला. हेर लांग यांनी ध्वनिक्षेपकाकडे बोट दाखवले. गास्तोंने आपल्या गुडघ्याकडे बोट दाखवले, आणि मग माझ्याकडे. तेव्हा ठरले ते असे: तो मला सगळे सांगेल, मी लिहून घेईन आणि पुढे जाऊन एकदम सांगेन. भाषांतराची ही पद्धत नेहमीचीच आहे; मोठ्या परिषदांतही चालते. आयुष्यात पहिल्यांदाच गास्तों हळू आवाजात बोलला. एकही शिवी नव्हती. दालनातल्या लोकांना दिसले ते एवढेच की खांबाआड दोघांचे काही कुजबुजणे झाले आणि फ्राऊ पेंड्झे उठून पुढे आल्या.

ध्वनिक्षेपक माझ्या कपाळाच्या उंचीवर होता. होल्गरने येऊन तो खाली केला. मी कागदाकडे पाहिले आणि नियमाप्रमाणे 'मी' म्हणाले.

"मला थोडं बोलायचं आहे. मी या गावचं माणूस नाही. इथे माझा उपयोग होईल असं मला वाटलं होतं. दोन हिवाळे तुमच्या मैदानावर माझे पाय गारठले आहेत. या दोन हिवाळ्यांत एकदाही कोणी मला म्हटलं नाही, की तुमचं काम चांगलं आहे. वाईट आहे, असंही नाही. माझ्याकडची माणसं बोलतात. गप्प बसतात ती फक्त नकोशा माणसासमोर. मी जे केलं ते मनापासून केलं. पुढच्या हंगामात माझी वाट पाहू नका."

शेवटच्या वाक्याला माझा आवाज कापला. दुभाष्याचा आवाज कापू नये. परंतु मध्येच कुठेतरी मला असे वाटू लागले होते की हा कागद माझ्याच अक्षरात आहे, आणि खरेच, तो होताच.

मी मागे जाऊन गास्तोंशेजारी बसले. हेर लांग यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तो खाटीक, जो त्या पहिल्या फोननंतर दोन वर्षांत माझ्याशी सलग चार वाक्ये बोलला नव्हता, उभा राहिला.

"फ्राऊ पेंड्झे," ते म्हणाले, "हे असं चालणार नाही. आम्हाला बोलता येत नाही, हे मान्य. पण तुम्ही गेलात तर क्लब बंद करून मी तिथे बटाटे लावीन."

नेहमीप्रमाणे लोक माझ्याकडे बघून बोलत होते. त्यात मला काहीच वावगे वाटले नाही. मी गास्तोंच्या कानात सांगितले: तुम्ही गेलात तर ते बटाटे लावतील. गास्तोंचे डोळे मोठे झाले.

होल्गर उठला. "तुम्ही यायच्या आधी आम्ही हरायचो आणि घरी जायचो. आता हरतो आणि का हरलो ते कळतं. बायको म्हणते, सोमवारी मी माणसासारखा वागतो."

हेही मी सांगितले. गास्तोंने माझा हात धरला.

मग बांध फुटला. जी माणसे उभी राहून कधी नावसुद्धा सांगत नसत, ती एकामागून एक उठू लागली. हंगामाच्या सुरुवातीला दात पडलेला एक खेळाडू म्हणाला, "आणि तुम्ही कधी आवाज चढवत नाही. म्हणून ऐकावंसं वाटतं."

"तुम्ही कधी आवाज चढवत नाही," मी गास्तोंला सांगितले.

"असं?" गास्तों म्हणाला. तो विचारात पडला. मग ताठ बसला. "बरोबर आहे. मी बराच संयम ठेवतो."

आणि मला पहिल्यांदा शंका आली. पण शंका दूर करायला वेळ नव्हता, कारण पुढच्या टेबलावरून मैदानाचे गवत कापणारे वृद्ध सभासद उठले होते. बोलणे त्यांच्या अंगवळणी नव्हते. टोपी हातात फिरवत ते म्हणाले, "आणि तो पिवळा चिवडा. शेंगदाण्यांचा. मी त्यासाठीच शनिवारी येतो. मला रग्बी कळत नाही."

सगळ्या दालनाने माना हलवल्या.

दुभाष्याला विचार करण्यासाठी एका श्वासाहून अधिक अवधी नसतो. त्या एका श्वासात मला सगळे कळले: हे सगळे जण माझ्याशी बोलत होते. बटाट्यांपासून सगळे. पुढे उभी राहून बोललेली मीच. ते गोगलगायीसारखे हळवे शब्द गर्जना करणाऱ्या गास्तोंचे असतील हे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते. पण शेजारी गास्तों तोंडाकडे बघत होता आणि नियम तर नियम होता.

"आणि," मी फ्रेंचमध्ये म्हणाले, "तुमचा चिवडा त्यांना फार आवडतो."

गास्तोंने माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. आघाडीच्या फळीतला माणूस तोंडावर काही दिसू देत नाही. मग गुडघा कडकडा वाजवत तो उठला, खांबाआडून पूर्ण बाहेर आला, छातीवर हात ठेवला आणि त्या वृद्ध सभासदांना वाकून म्हणाला, "मेर्सी, म्यूसिये."

दालनात थोडी चलबिचल झाली.

"मादाम," तो मला म्हणाला, "त्यांना सांगा, मी राहतो."

मी उभी राहून सांगितले. 'मी'च म्हणाले, दुसरे काही म्हणता येत नव्हते. पंधरा-वीस टेबलांवर बोटांची हाडे आपटली गेली. जर्मन माणूस टाळ्यांऐवजी तसे करतो. होल्गरने गास्तोंला मिठी मारली, कारण जवळ तोच उभा होता. माझ्यापुढे फक्त मान लववली.

"बरं," हेर लांग डोळे पुसत म्हणाले, "विषय आठवा. सॉसेज भाजायची नवी जाळी." आणि त्या जाळीवर प्रशिक्षकाहून कितीतरी जास्त वेळ चर्चा झाली. ती मी शब्दशः सांगितली, पण गास्तों ऐकत नव्हता. तो हसत होता.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी मी गाडीतून डबा काढला, तर गास्तोंने तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः सर्वांना वाटत फिरला. कोणी मूठभर घेतला की छातीवर हात ठेवायचा आणि मान झुकवायचा. घरी मी हे सांगितले तेव्हा यांना हसू आवरेना. "अगं, त्याला सगळं कळलंय! चेष्टा करतोय तो तुझी."

"अहो, आणि कळलं नसेल तर?"

मुलगी जर्मनमध्ये म्हणाली की मी त्याला सरळ विचारावे. तिला सगळे सरळ विचारता येते.

गास्तोंने आणखी काही हंगाम त्या संघाला सांभाळले. एकदा खाली घसरले, पुन्हा वर आले. क्लबमधल्या माणसांनी त्यानंतर कधी स्तुती केली नाही. सगळी एकदाच संपवली होती. मग त्याच्या मुलीला मूल झाले आणि तो आपल्या गावी परत गेला, तो स्वतःच्या पायांनी. मीही आता काम थांबवले आहे. जे काही मिळवले ते दुसऱ्यांच्या 'मी'वर, याची थोडी खंत आहे. परंतु इतकी नाही की त्यासाठी आणखी एक परिच्छेद लिहावा.

तो अजून दर नवीन वर्षाला फोन करतो. गुडघ्याची चौकशी होते, यांची होते, होल्गरची होते. आणि फोन ठेवण्याआधी एकदा तरी म्हणतो, "मादाम, लोक मला निळ्या जर्सीविषयी विचारतात. मी त्यांना त्या गुरुवारविषयी सांगतो. तेवढं आयुष्यात मला कोणी कधी बोललं नव्हतं." त्याचा आवाज अशा वेळी अगदी साधा असतो. मी 'हो' म्हणते आणि त्याच्या नातवाची चौकशी करते.

मला एवढेच विचारायचे आहे: माझ्या जागी तुम्ही असता, तर त्याला सांगितले असते का?